झेरुबाबेल टॅप्लीबद्दल आभार

मंडळीचे कारभारी एल्नाथन वडील यांनी काखेतली दौत बाहेर काढली, कानाशी धरून हलवली आणि परत काखेत घातली.

"अजून गोठलेलीच आहे," ते म्हणाले. "तोवर तोंडी सांगून ठेव, टॅप्लीबाई. कशाबद्दल आभार?"

डॅमरिस टॅप्ली दाराच्या आत एक पाऊल टाकून उभी होती. तिच्या मागं बाहेर चार-पाच जणं थंडीनं पाय आपटत होती. उद्या उपकारस्तुतीचा दिवस. ज्याला ज्याला प्रभूचे आभार मानायचे आहेत त्यानं आज मंडळीच्या वडिलांकडून चिठ्ठी लिहून घ्यायची, आणि उद्या सभाघरात पाळकसाहेब ती सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचणार, असं ठरलं होतं.

"झेरुबाबेलबद्दल," डॅमरिस म्हणाली.

"कोण?"

"झेरुबाबेल टॅप्ली. माझा नवरा."

"तो गेला ना?"

"फेब्रुवारीत."

वडिलांनी काखेतली दौत या बाजूची त्या बाजूला केली. "बाई, आभार मिळालेल्या गोष्टीचे मानतात. आता तुझ्या आधी येऊन गेला, त्यानं वाटाण्यांबद्दल मानले. त्याच्या आधीच्याचा दात आपोआप पडला, त्यानं दाताबद्दल मानले. तुला काय मिळालंय ते सांग."

"मला तो मिळाला होता. अकरा वर्षं."

"पण परत घेतला ना देवानं? मग कृपा उरली कुठं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आटपा की हो! इथं माझी कृपा गोठायला लागली!"

"मेलेल्या माणसासाठी काही मागायचं नाही, हे तुला ठाऊक आहे," वडील आवाज खाली आणून म्हणाले. "ते रोमच्या पोपचं खूळ."

"मी मागत कुठं आहे? मी आभारच मानतेय."

हे मात्र वडिलांना पटलं. आभार मानण्याला बंदी नव्हती. उलट उद्या सक्ती होती. पण कशाबद्दल, हा पेच तसाच राहिला. त्यांनी बराच वेळ छताकडं बघितलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. देव देतो त्याबद्दल तर कुणीही आभार मानील, पण नेतो त्याबद्दलही मानावेत, असं पाळकसाहेब दर रविवारी, शब्बाथला, कानीकपाळी ओरडून सांगत होते. आजवर कुणी मानले नव्हते, एवढंच.

शाई सुटली. वडिलांनी पिसाची लेखणी बुडवली आणि कागदाचा बोटभर तुकडा पुढं ओढला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: "झेरुबाबेल टॅप्ली याला प्रभूने नेले, याबद्दल त्याची विधवा डॅमरिस प्रभूचे मनापासून आभार मानते."

"नाव पूर्ण लिहिलंत?" डॅमरिसनं विचारलं.

"पूर्ण लिहिलंय."

"वाचतानाही पूर्ण वाचतील?"

"चिठ्ठीत आहे ते वाचावंच लागतं."

"मग झालं," ती म्हणाली. बाकीच्या शब्दांकडं तिनं लक्षच दिलं नव्हतं.

तिला फक्त नाव हवं होतं. तिकडं राजाच्या मुलखात मयतावर छापील पोथीतली प्रार्थना म्हणावीच लागायची. नाही म्हटली तर तुरुंग. त्या जाचाला कंटाळून ही मंडळी घरंदारं मोडून, दोन महिने समुद्रात ओकाऱ्या काढत इथं आली. इथं मयतावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. काढला तर शिक्षा. मधे नुसता समुद्र होता.

तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तापानं निम्मी वसाहत गेली ती अशी मुक्यानंच गेली. झेरुबाबेललाही दोघांनी उचललं, टेकडीवर नेलं, मातीआड केलं. वर ना दगड ना काठी. माणसं किती कमी झाली ते जंगलातल्या लोकांना कळू नये म्हणून जमीन सारखी केली आणि मार्चमध्ये तिथं मका पेरला. कुठल्या सरीखाली कोण आहे, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मका मात्र झकास आला.

झेरुबाबेलला आपल्या नावाचा कोण अभिमान! कुणी "झेरू" म्हटलं की तो ओ द्यायचा नाही. गलबतावर खलाशी त्याला मुद्दाम "झेब्या" म्हणायचे, तर हा तापानं फणफणलेला असतानाही उठून बसायचा आणि नावाचे चारही तुकडे सुटे करून सांगायचा. तो गेल्यापासून नऊ महिन्यांत ते नाव कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. डॅमरिस चुलीपाशी एकटी असली की म्हणून बघायची. गेल्या आठवड्यात ती "बा"पाशी अडखळली. एकदा, फक्त एकदा, ते दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं म्हणावं आणि आपण ते कानांनी ऐकावं, एवढंच तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला तशी सगळी वसाहत सभाघरात जमली. पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. डॅमरिसच्या शेजारी सायलेन्स बसली होती. टॅप्लींचं घर बांधून पुरं झालंच नव्हतं, म्हणून नवरा गेल्यावर पंचांनी डॅमरिसची सोय सायलेन्सच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, ओबेडच्या घरी लावून दिली होती. सायलेन्स म्हणजे मौन. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलेलं नाव. झोपेत सुद्धा तिची जीभ थांबायची नाही.

पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचत गेले. वाटाण्यांबद्दल आभार. दाताबद्दल आभार. ओढ्यातल्या वामींबद्दल आभार. आपल्याला हव्या त्या रीतीनं देवाला भजायची मोकळीक मिळाली, म्हणून सर्वांच्या वतीनं पाळकसाहेबांनी स्वतःच लिहिलेले मोठे आभार. वाळूत पुरलेली मक्याने भरलेली टोपली प्रभूने आमच्यासाठी राखून ठेवली, त्याबद्दल आभार. टोपली कुणी विणली आणि मका कुणी पिकवला, याचा चिठ्ठीत उल्लेख नव्हता.

"वामी तर माझ्याच ओबेडनं पकडल्या," सायलेन्स पुटपुटली. "आणि आभार मानतोय भलताच मेला."

मग पाळकसाहेबांनी पुढची चिठ्ठी उचलली. डॅमरिसनं मान खाली घातली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

"झे... झेबु..." पाळकसाहेबांनी चिठ्ठी उजेडाकडं धरली. "झेरोबा... हं, टॅप्ली. टॅप्ली याला प्रभूने नेले, याबद्दल त्याची विधवा डॅमरिस प्रभूचे मनापासून आभार मानते."

झालं ते एवढंच. डॅमरिस वर बघत राहिली, जणू अजून काही वाचायचं राहिलंय. नाव आलंच नव्हतं. ओल्या काडीसारखं नुसतं फुसफुसून विझलं होतं.

त्या तंद्रीत आजूबाजूचं तिला उशिरानंच जाणवलं. सभाघरात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग सायलेन्सचं कोपर तिच्या बरगडीत बसलं.

"अगं बये! नेलं म्हणून आभार? मनापासून?" सायलेन्सचे डोळे वटारलेले. "मारायचा का गं तो? मला कधी बोलली नाहीस!"

जेवणाच्या वेळी हरणाचं मटण होतं, मक्याच्या पिठाची दाट घाटी होती, बदकं होती. डॅमरिस बाकावर टेकली तशी बाकाच्या त्या टोकाची माणसं उठली आणि बाक तिच्यासकट उलटला. ती उठून कपडे झटकते तोवर कुणीतरी विचारलं, "घाटी कुणी ढवळली?" तिनं ढवळली होती. मोठं पातेलं भरून घाटी तशीच राहिली. गेल्या हिवाळ्यात याच लोकांनी बुटाचं कातडं उकळून खाल्लं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आठवायला लागलं. झेरुबाबेल तसा धडधाकट होता नाही? शेवटचे दोन दिवस पेज तीच पाजत होती नाही? निम्मी वसाहत एकाच तापानं गेली होती, पण संशय घेण्याजोगं मरण त्यात एवढं एकच निघालं.

"तुझं ताट वेगळं ठेव म्हणतोय ओबेड," सायलेन्स घरी आल्यावर म्हणाली. "मी म्हटलं, अरे तिला एवढी अक्कल असती तर आधी चिठ्ठी नीट लिहून नसती घेतली? पण वेगळं ठेवच तू. आणि माझ्याकडं असं बघू नकोस. विष घातलंस का?"

"नाही."

"तेच मी म्हणत होते. ताट मात्र तिकडं ठेव."

सोमवारी पाळकसाहेबांनी बोलावणं धाडलं. त्यांच्या खोलीत लाकडं ओली होती आणि धुरानं माणूस माणसाला दिसत नव्हता. टेबलामागं पाळकसाहेब, बाजूला लेखणी घेऊन एल्नाथन वडील, समोर डॅमरिस. तिघंही डोळे पुसत होते.

"पश्चात्ताप झालेला दिसतो," पाळकसाहेब म्हणाले.

"धूर आहे, साहेब."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "बहीण डॅमरिस, घाबरू नकोस. इथं प्रत्येकाला आपापल्या मनाला साक्ष ठेवून प्रार्थना करायची मोकळीक आहे. तेवढ्यासाठीच तर आपण आलो. म्हणूनच तुला मोकळेपणानं विचारतो, यातल्या कुठल्या गुन्ह्यात तू बसतेस?"

"कुठले कुठले आहेत?"

एल्नाथन वडिलांनी कागद वर केला. नवरा गेल्याचा आनंद झाला नसताना तिनं आभार मानले असतील, तर ते देवाच्या घरात खोटं बोलणं. त्याला फटके. आनंद झाला असेल, तर काळजाचा कठोरपणा. आणि दोन्ही नसेल, नुसतीच मेलेल्याची आठवण काढायची असेल, तर ती मयतासाठीची प्रार्थना.

"त्याला वसाहतीबाहेर," वडील म्हणाले. त्यांनी डॅमरिसकडं बघायचं टाळलं. बाहेर म्हणजे जंगल, आणि डिसेंबर दोन दिवसांवर आला होता.

"चौथं काही नाही?"

"आहे," पाळकसाहेब पुढं झुकले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला. "चिठ्ठी लिहिताना चूक झाली असं म्हण. ती मी चुलीत टाकतो. मंडळीच्या वहीत नोंद आहे ती खोडतो. झेब... तुझ्या नवऱ्याचा विषय परत कुणी काढणार नाही."

एल्नाथन वडिलांचा चेहरा पांढरा पडला. चूक झाली म्हणजे ती लिहिणाऱ्याचीच झाली. डॅमरिसनं त्यांच्याकडं बघितलं. ते लेखणीच्या पिसाचे केस एकेक करून उपटत होते.

"आणि कठोरपणाला काय शिक्षा?" तिनं विचारलं.

"तीन शब्बाथ मंडळीसमोर स्टुलावर उभं राहायचं. दर वेळी गुन्हा मोठ्यानं वाचला जाईल आणि तू तो कबूल करायचा."

"गुन्ह्यात नाव येतं?"

"तुझं? येणारच."

"त्याचं."

पाळकसाहेबांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी वडिलांकडं बघितलं.

"यावंच लागतं," एल्नाथन वडील म्हणाले. "कुणाविषयी कठोर, ते नको का? बापाच्या नावासकट येतं. नाहीतर गुन्हा अर्धवट राहतो."

डॅमरिस धुराकडं बघत राहिली. तीनदा. पण तीनदा तिलाही सगळ्यांदेखत म्हणावं लागणार होतं, की हा माणूस मेला आणि मला बरं वाटलं. शेवटच्या दिवशी त्यानं पाणी मागितलं होतं, आणि ते आणेपर्यंत आपल्याला उशीर झाला म्हणून ती नऊ महिने झोपली नव्हती. तिनं हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली, परत गुंतवली.

"कठोरपणा लिहा," ती म्हणाली.

स्टूल म्हणजे गाईची धार काढायची तिवई होती. वसाहतीत गाय नव्हती. पुढंमागं मिळेल या आशेवर कुणीतरी ती तिकडून आणली होती, आणि वाटेत तिचा एक पाय आखूड झाला होता. पहिल्या शब्बाथला डॅमरिस तिच्यावर चढली तेव्हा तिवई डुगडुगली. तोल सावरायला तिला दोन्ही हात पसरावे लागले. तेही क्रुसासारखं, रोमचं वाटतं, म्हणून तिला ते खाली घ्यायला सांगितलं. पाळकसाहेबांची जीभ एकदा अडखळल्यामुळं या वेळी वाचायचं काम एल्नाथन वडिलांकडं आलं होतं.

"डॅमरिस, जबेझ टॅप्लीचा मुलगा झेबुरूबेल टॅप्ली याची विधवा..."

"झेरुबाबेल," स्टुलावरून आवाज आला.

सभाघर दचकलं. बाईमाणसानं सभेत तोंड उघडलं होतं, तेही वडिलांची चूक काढायला. पाळकसाहेब अर्धवट उठले. एल्नाथन वडिलांनी ओळीवर बोट ठेवलं आणि, न जाणो गुन्हा अर्धवट राहिला तर, परत पहिल्यापासून सुरू केलं.

"डॅमरिस, जबेझ टॅप्लीचा मुलगा झे-रु-बा-बेल टॅप्ली याची विधवा..."

डॅमरिसनं डोळे मिटले. स्टूल डुगडुगायचं थांबलं. पुढचं सगळं वाचून होईपर्यंत ती हलली नाही. मग तिला विचारलं गेलं, आणि "मला आनंद झाला, मी कबूल करते," असं ती इतक्या हळू म्हणाली, की मागच्या बाकांना ऐकूच गेलं नाही. तिला परत म्हणावं लागलं.

मध्ये बोलल्याबद्दल एक शब्बाथ वाढवून मिळाला.

नाव परत चुकलं तर पाळकसाहेब काय म्हणतील, या धसक्यानं एल्नाथन वडील आठवडाभर ते घोकत होते. सरपण फोडताना त्यांच्या कुऱ्हाडीचा ताल ऐकू यायचा: झे, घाव, रु, घाव, बा, घाव, बेल, आणि ओंडका दुभंगायचा. ऐकून ऐकून ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या तोंडी बसलं. एकदा ओबेड जाळं विणताना तेच गुणगुणत होता. डॅमरिस आत आली तसा तो गप्प बसला आणि उगाच खोकला.

दुसऱ्या शब्बाथला नाव जराही चुकलं नाही. तिसऱ्याला बर्फ पडत होता. सभाघराला शेगडी नव्हती. गारठून मन देवाकडं लागतं, असं पाळकसाहेबांचं मत होतं. डॅमरिसच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि तिला तिवईवर चढवायला एल्नाथन वडिलांनाच हात द्यावा लागला. त्यांनी कागद उघडला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांना ते पाठ झालं होतं. बापाच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर सोडवत त्यांनी म्हटलं. मधे कुणी खोकलं तेव्हा ते थांबले, आणि खोकला संपल्यावर नाव परत पहिल्यापासून घेतलं.

"मला आनंद झाला," डॅमरिस म्हणाली, "मी कबूल करते." आता आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

घरी परतताना सायलेन्सनं तिला खांद्याचा आधार दिला होता. ओबेड पुढं निघून गेला. टेकडीवरच्या शेतात मक्याची खुंटं बर्फातून वर आली होती. सायलेन्स सबंध चढण एक शब्द बोलली नाही. तिला बरं नाही की काय, म्हणून डॅमरिसनं दोनदा तिच्याकडं बघितलं.

शेताच्या कडेला सायलेन्स थांबली.

"तिवईवर फार गारठतं का गं?"

"गारठतं."

"आणि लोक बघतात, त्याचं काही वाटतं?"

"पहिल्यांदा वाटतं."

सायलेन्सनं शालीचं टोक तोंडाशी धरलं. याच शेतात तिची दोन मुलं होती, एक तीन वर्षांचा आणि एक वीस दिवसांची. वर्षभराच्या एवढ्या बडबडीत तिनं त्यांच्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"मी काय विचारत होते," ती खुंटांकडं बघत म्हणाली, "दोन नावं असली तर एकाच गुन्ह्यात दोन्ही वाचतात? की वेगवेगळे गुन्हे करावे लागतात?"

डॅमरिसनं तिच्या खांद्यावरचा हात घट्ट केला.

"वेगवेगळे कर," ती म्हणाली.